वारुळातली डुलकी

तिच्या कोटाची बाही दाराच्या कडीत अडकली आणि टर्रकन उसवली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. दुपारी कामानिमित्त एका संस्थेच्या अध्यक्षबाईंना भेटायचं होतं, आणि एक बाही खांद्यावरून लोंबतेय अशा थाटात तिथे जाणं काही बरं दिसलं नसतं. ऑफिसच्या समोर, गल्लीच्या तोंडाशी, कपडे शिवायचं एक लहानसं दुकान होतं. येता-जाता रोज दिसायचं. आत पाऊल टाकायची वेळ कधी आली नव्हती. तिने छत्री मिटली आणि आत गेली.

आत नव्या कापडाचा उबदार वास होता. काचेच्या दारावरून थेंब ओघळत होते. शिलाई मशीनवर वाकलेल्या बाईंनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं, आणि ओठांत धरलेल्या टाचण्या न काढताच म्हणाल्या, "उसवलीय नुसती. फाटली नाही. बैस."

बाईंचा हात झरझर चालत होता. शिवण घालून झाल्यावर त्यांनी बाही उजेडात धरली आणि नाक मुरडलं.

"इस्त्री फिरवते वरून. नाहीतर फुगलेली दिसेल."

त्या टेबलाखाली वाकल्या, एक प्लग उपटला आणि त्या जागी इस्त्रीचा खोचला.

त्याच क्षणी तिच्या पिशवीतला फोन थरथरला.

तिने सवयीने पाहिलं. पडद्यावर ओळखीचे शब्द होते — 'डुलकी गायब'. गेले काही आठवडे दुपारच्या सुमाराला हे असंच व्हायचं. तिने फोनकडे पाहिलं. मग इस्त्रीकडे. मग कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवलेल्या एका करड्या डब्याकडे. त्याच्यावरचा बारीक हिरवा दिवा नुकताच विझला होता.

"काकू... हा डबा कसला हो?"

"तो? आमच्या माळ्यावरच्याचा." बाईंनी इस्त्रीने वरती बोट दाखवल्यासारखं केलं. "काय करतो देव जाणे. दिवसभर लुकलुकत असतो. इथे बोर्ड एकच, त्यात चालू भोक एकच. इस्त्री करायची म्हटलं की त्याला जरा झोपवते."

"रोज?"

"इस्त्री रोजच असते ना, बाई!"

तिला हसू आवरेना. आठवडे न् आठवडे तिने काय काय शक्यता लिहून ठेवल्या होत्या — तारेतला दोष, विजेचा दाब, कुणाचा तरी खोडसाळपणा. इस्त्री काही तिला सुचली नव्हती.

तेवढ्यात माळ्याच्या चौकोनी भोकातून एक डोकं उलटं खाली आलं. केस लोंबकळत होते, चष्मा नाकावरून निसटत होता.

"आई! परत काढलंस?"

"गिऱ्हाईक आहे," आई शांतपणे म्हणाल्या.

उलटं डोकं गिऱ्हाइकाकडे वळलं. चष्मा शेवटी पडलाच. तिने हात पुढे केला आणि तो वरच्यावर झेलला.

"थँक्यू," उलटं डोकं म्हणालं.

"डुलकी तुमची का?" तिने विचारलं.

"कोण डुलकी?"

तिने फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला — तोही उलटा करून, त्याला सुलटा दिसावा म्हणून. चष्म्याशिवाय त्याला काही वाचता आलं असेल असं नाही. पण तो पाहत राहिला... फोनकडे म्हणा, किंवा फोन धरणाऱ्या हाताकडे.

*

मोजणं हेच तिचं काम होतं. ऑफिसात सगळे तिला 'तराजू' म्हणायचे आणि तिला त्याचा राग येत नसे.

आत्ताचं काम वाद्यं बनवणाऱ्यांच्या संस्थेचं होतं. कुणीतरी वर्ष-वर्ष खपून एक तंतुवाद्य घडवतो, आणि बाजारात त्याच्या नावाची चार नकली वाद्यं त्याच्याआधी विकली जातात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून प्रत्येक वाद्याचा जन्मदाखला ब्लॉकचेनवर ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. ब्लॉकचेन म्हणजे एकच नोंद असंख्य संगणकांवर एकाच वेळी लिहिलेली. एकाने गुपचूप काही बदललं, तर बाकीचे लगेच म्हणणार, 'आमच्याकडे तर वेगळंच आहे!' असा प्रत्येक संगणक म्हणजे एक नोड. प्रश्न एवढाच होता की कुणाची ब्लॉकचेन घ्यायची. समोर तीन नेटवर्कं होती आणि त्यांची तुलना तिच्याकडे आली होती.

'झेप' सगळ्यात वेगवान. नोंद टाकली की डोळा लवेपर्यंत पक्की. पण तिचे सगळे नोड एकाच कंपनीच्या तळघरात. एका माणसाने एक बटण दाबलं की सारा खेळ खलास. 'मेळा' मधल्या चालीचा, बरेच नोड, आणि त्याच्या कोडवर काम करणारी पुष्कळ माणसं. आणि तिसरं 'वारूळ'. फार हळू. एक नोंद पक्की व्हायची तर माणसाने चहा टाकून, पिऊन, कप विसळून यावं. पण त्याचे नोड जगभर विखुरलेले... कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या दवाखान्यात, एक तर म्हणे कुठल्याशा दीपगृहात. अर्धे उपटून फेकले तरी उरलेले अर्धे आपले चालत राहायचे.

वेग किती, सत्ता किती हातांत वाटलेली, आणि कोडवर किती माणसं खरोखर काम करतात, या तीन गोष्टी तिला मोजायच्या होत्या. वारुळाचा या गावात एकच नोड होता आणि तो रोज दुपारी झोपायचा. नाव ठाऊक नसल्यामुळे तिनेच त्याचं नाव डुलकी ठेवलं होतं.

"आणि तुम्ही वारुळाचा नुसता नोड ठेवता, की..." पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं. तोवर तो शिडी उतरून खाली आला होता आणि सुलटाही बरा दिसत होता.

"कोडही लिहितो. आम्ही थोडेच आहोत लिहिणारे." तो जरा अभिमानाने आणि जरा लाजून म्हणाला.

"अरे बापरे." तिने कोट अंगात घातला. "मग आपण बोलायला नको."

"का?"

"मी तुम्हाला मोजतेय."

त्याने नकळत केस सारखे केले. त्याच्या आईने टाचण्या तोंडातून काढल्या आणि पहिल्यांदाच दोघांकडे नीट पाहिलं.

*

बोलायला नको म्हणजे वारुळाबद्दल बोलायला नको, असा अर्थ पुढे आपोआप लागत गेला.

पुढच्या आठवड्यात तिच्या एका सदऱ्याचं बटण तुटलं. मग एका झग्याची खालची पट्टी सुटली. मग एक पँट, जी इतकी वर्षं तिला अगदी बरोबर होत होती, ती अचानक लांब वाटायला लागली.

ती दादा-वहिनीकडे राहायची. कपाटासमोर उभी राहून वहिनी एक दिवस म्हणाली, "तराजूबाई, या कपाटात आता न दुरुस्त केलेलं काही उरलंय का गं? माझा रेनकोट नेतेस? त्याला काही झालेलं नाही, पण तुझं काम भागेल."

"काहीतरीच काय, वहिनी!"

"गाल बघ आरशात. कसे तापलेत. त्यांच्यावर कोण इस्त्री फिरवतं?"

तिने उशी फेकली. वहिनीने ती सराईतपणे झेलली.

दुकानाच्या पायरीवर, वरच्या पत्र्यावर पाऊस ताल धरत असताना, ती आणि माळ्यावरचा चहाचे कप घेऊन बसायचे. तो हळू बोलायचा. एखादं वाक्य अर्ध्यावर सोडून पावसाकडे बघत बसायचा आणि मग जिथे सोडलं तिथूनच पुन्हा उचलायचा. तिला आधी वाटायचं, विसरला. मग कळलं, तो विसरत नाही, शब्द निवडतो.

"शिडी उतरायला किती वेळ लावता हो तुम्ही," ती एकदा म्हणाली. "काकूंनी हाक मारली तेव्हा मी कोपऱ्यावर होते. येऊन बसले, तरी तुम्ही तिसऱ्याच पायरीवर."

"वारुळाचा माणूस आहे मी."

"वारुळाबद्दल बोलायचं नाही ठरलंय."

"मी स्वतःबद्दल बोलतोय." त्याने कपात फुंकर घातली. "वेग कमी आहे... पण एकदा नोंद झाली की पुसली जात नाही."

तिने पटकन पावसाकडे पाहिलं. पत्र्याच्या कडेवर एक थेंब लटकला होता, पडू की नको करत.

"आणि तुम्ही?" त्याने विचारलं. "सकाळी उठल्या उठल्या काय मोजता?"

"मोजत नाही काही. चहा घेते. आणि चहाबरोबर तिन्ही नेटवर्कांच्या बदलांच्या याद्या वाचते — काल रात्रीतून कोडमध्ये कुणी काय बदललं. पेपर वाचल्यासारखं."

"आधी कुणाची?"

"ते नाही सांगणार."

"नका सांगू," तो म्हणाला, आणि कप खाली ठेवताना चहा सांडला.

हे सांगायला नको होतं. पण तेव्हा तिच्या ते लक्षात आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वारुळाच्या यादीत एक नवा बदल होता. अगदी चिमुकला. जोडणी तुटली की पूर्वी पडद्यावर नुसतं 'जोडणी तुटली' असं कोरडं वाक्य यायचं. आता तिथे लिहिलं होतं — 'जोडणी तुटली. घाबरू नका. बहुधा कुणीतरी इस्त्री करतंय.'

तिला हसताना ठसका लागला. वहिनीने पाठीत थाप मारली आणि काही विचारलं नाही. नुसत्या भुवया उंच केल्या.

मग रोजच. कधी एखाद्या 'चूक झाली'वाल्या संदेशाला गोड शब्द मिळायचे, कधी सूचनांमधलं एखादं अवघड वाक्य सोपं व्हायचं. कधी नुसता एक स्वल्पविराम सुधारलेला, आणि बदलाच्या शेजारी टीप — 'इथे जरा थांबावंसं वाटलं.' कुणा परदेशातल्या नोडवाल्याने खाली विचारलं होतं, 'या इस्त्रीचा आपल्याशी काय संबंध?' त्यावर उत्तर होतं, 'फार जवळचा.'

पायरीवर बसल्यावर याबद्दल दोघंही चकार शब्द काढत नसत. ती फक्त म्हणायची, "आज सकाळी चहा बरा झाला होता." तो म्हणायचा, "असं?" आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा.

दिवस असे मजेत चालले होते. आणि मग अहवाल लिहायची वेळ आली.

आकडे काढणारा तिचा संगणकावरचा प्रोग्रॅम साधा होता. महिन्यात कोडमध्ये किती बदल झाले, ते तो मोजायचा आणि रेघ काढायचा. झेपेची रेघ सपाट आली. मेळ्याची सावकाश चढणारी. वारुळाची रेघ मात्र शेवटच्या महिन्यात टेकडीसारखी वर उठली होती. ती बघून तिला आनंद झाला. इतका आनंद की तिने खुर्ची मागे सरकवली आणि एक गिरकी घेतली. वेगात मागे असलं तरी वारूळ विकेंद्रीकरणात पहिलं होतंच. आता काम करणाऱ्यांतही वर येत होतं! अध्यक्षबाईंना हेच तर हवं होतं...

गिरकी थांबली तशी तिने खुर्ची पुन्हा टेबलापाशी ओढली.

आकडा पाहून तिला आजवर कधी आनंद झाला नव्हता. तराजूला आनंद कसला होतो?

तिने ती टेकडी उलगडून पाहिली. बदलांमागून बदल, सगळे एकाच हाताचे. सगळे तिच्या चहाच्या जरा आधी टाकलेले. इस्त्री. स्वल्पविराम. 'इथे जरा थांबावंसं वाटलं.' तिचा प्रोग्रॅम बिचारा मुका. त्याला एक स्वल्पविराम आणि अख्खं नवं इंजिन सारखंच. त्याने सगळं इमानेइतबारे मोजलं होतं. आणि रोज सकाळी ते वाचून हसणाऱ्या तिला हे एकदाही दिसलं नव्हतं.

मग त्याच्या मागोमाग आणखी एक विचार आला, आणि तो जास्त बोचरा होता. त्याला ठाऊक होतं, ती काय मोजते. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग हे सगळं तिला हसवायला होतं... की पारड्यात टाकायला?

*

ती गेली तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. दुकानात एका लांब पडद्यावर शिवण चालली होती. तिच्या हातात दुरुस्तीचं काही नाही हे काकूंनी पाहिलं, मशीन थांबवलं आणि "दोरा संपलाय, घेऊन येते," म्हणून छत्री उचलून निघून गेल्या. रीळ मशीनवर भरलेलं होतं.

तो शिडी उतरला. आज लवकर उतरला.

तिने कागदावर काढलेली ती रेघ त्याच्या हातात दिली. "ही टेकडी बघा."

तो बराच वेळ पाहत राहिला. कळायला लागलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"हे... मी?"

"तुम्ही. महिनाभर." तिने आवाज सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला. "मला एवढंच विचारायचंय. वारुळाचा आकडा वाढावा म्हणून केलंत?"

"नाही."

"मग कशाला?"

त्याने कागदाची घडी घातली. उघडली. पुन्हा घातली.

"तुम्ही म्हणालात, सकाळी चहा घेता आणि याद्या वाचता," तो म्हणाला. "मला वाटलं, चहाबरोबर काहीतरी असावं. म्हणजे... बिस्किटासारखं."

बाहेर पत्र्यावरून उरलेलं पाणी टपटपत होतं.

"मोजणीचं माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. "यायला हवं होतं. मी मूर्ख आहे. मला फक्त वाटलं, तुम्ही हसाल."

"हसले ना. रोज हसले." तिचा आवाज शेवटी हललाच. "तेच तर वाईट झालं. हसता हसता मोजायला विसरले."

तिचा त्याच्यावर विश्वास बसला. कसा बसला, हे तिला आकड्यांत सांगता आलं नसतं. पण खोटं बोलणारा माणूस बिस्किटाची उपमा देणार नाही, असं तिला वाटलं.

"माझे सगळेच बदल मोजणीतून काढून टाका," तो म्हणाला. "सगळे. म्हणजे प्रश्नच नको."

"आणि तुमचं आधीचं खरं काम? इतक्या वर्षांचं?"

"जाऊ द्या."

"नाही जाऊ देणार. तुमच्यासाठी वाढवलेला आकडा खोटा, तसा माझी लाज राखायला कमी केलेलाही खोटाच." तिने कागद परत घेतला. "मी अध्यक्षबाईंना सगळं सांगणार. आणि हा भाग दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा मोजायला सांगणार. निकाल लागेपर्यंत मी इथे येत नाही. आणि तुम्ही..."

"स्वल्पविरामालाही हात लावणार नाही."

ती दारापर्यंत गेली. वळली.

"तो 'थांबावंसं वाटलं'वाला," ती म्हणाली, "तो फार छान होता."

आणि तो काही बोलायच्या आत गल्लीत दिसेनाशी झाली. दोऱ्याचं रीळ न आणता परत येणाऱ्या काकू तिला कोपऱ्यावर भेटल्या. त्यांनी काही न विचारता तिच्या खांद्यावरचा एक धागा काढून टाकला.

*

अध्यक्षबाई स्वतः तंतुवाद्यं घडवायच्या. त्यांच्या बोटांना कायम रोगणाचा वास यायचा आणि त्या कुणाचंही बोलणं डोकं किंचित कलतं करून, तार लावताना ऐकावं तसं ऐकायच्या. संस्थेची बाकी मंडळी लांब टेबलाभोवती बसली होती.

तिने वेगाचे आकडे सांगितले. विकेंद्रीकरणाचे सांगितले. मग थांबली, आणि वारुळाची ती टेकडी कशी तयार झाली, ते सांगितलं. इस्त्री वगळून सांगायचं तिने ठरवलं होतं. पण इस्त्रीशिवाय ते कुणाला कळेना, तेव्हा तीही सांगावी लागली.

"म्हणजे त्या माणसाची आणि तुझी ओळख आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो."

"किती?"

तिचे कान गरम झाले. "ती... मोजलेली नाही."

"तू?" अध्यक्षबाईंचं डोकं आणखी कललं. "तू मोजलेली नाहीस?"

टेबलाच्या टोकाला कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच हसले. पण ते हसणं बोचणारं नव्हतं. अध्यक्षबाईंनी हात वर करून ते थांबवलं आणि म्हणाल्या, "पुन्हा मोजून घ्या. दुसऱ्याकडून. बदल नुसते मोजू नका, वजन करून मोजा."

पुढच्या सकाळी तिचा चहा मिळमिळीत लागला. वारुळाच्या यादीत काहीच नव्हतं. त्याच्या पुढच्याही. तो शब्दाचा पक्का निघाला, याचा तिला आनंद व्हायला हवा होता. आणि होतही होता, थोडासा, कपाच्या तळाशी.

"यादी कोरी?" वहिनीने विचारलं.

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"त्यातलं नाही कळत. तुझं तोंड वाचता येतं." वहिनीने तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

बिस्किटं पाहून तिला एकदम रडूच यायला लागलं, आणि वहिनी पहिल्यांदाच चिडवायची थांबली.

निकाल लागला तो मेळ्याच्या बाजूने. अध्यक्षबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. "हळूपणाची मला फिकीर नव्हती. आमची लाकडं वाळायला वर्षं जातात. चहाच्या एका कपाचं काय घेऊन बसलीस? आणि कुणा एकाच्या मुठीत नाही हे तर फारच आवडलं. पण सांभाळणारे हात फार थोडे आहेत गं. उद्या त्यातल्या एखाद्याने सोडून दिलं, तर आमची वाद्यं कुणी सांभाळायची? तुझा पहिला आकडा खरा असता, तर वारूळच घेतलं असतं." त्यांनी तिचा हात रोगणाच्या बोटांनी दाबला. "तो खरा नव्हता हे तू सांगितलंस, म्हणून बाकीच्या आकड्यांवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला."

ही बातमी तिलाच सांगायला हवी होती. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर तिला चाललं नसतं.

*

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला होता. तिने सगळं सांगितलं, पहिला आकडा खरा असता तर वारूळच घेतलं असतं, हेसुद्धा. काकू मशीनवर होत्या, पण पाय चालत नव्हता.

तो नेहमीसारखा शब्द निवडत राहिला.

"बरोबर आहे त्यांचं," अखेर म्हणाला. "आम्ही खरंच थोडे आहोत."

"वाईट वाटलं?"

"वाटलं. फार." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "खोटं बोलून मिळालं असतं तर जास्त वाईट वाटलं असतं, असं म्हणायला हवं मी. पण ते बहुधा पुढच्या आठवड्यात वाटेल. आत्ता नुसतंच वाईट वाटतंय."

तिला हसू फुटलं. त्याच्याही ओठांचा एक कोपरा हलला. मग तिने पिशवीत हात घातला आणि एक करडा डबा काढून कापडाच्या गठ्ठ्यांवर, डुलकीच्या शेजारी ठेवला. डबा नवाकोरा होता. वरचा पातळ कागदसुद्धा काढलेला नव्हता.

"हे काय?"

"नोड. आता मी तुमची मोजणी करत नाही. मग ठेवायला काय हरकत आहे?" ती भराभर बोलत होती. "घरी वहिनीने जागा दिलीय, फडताळावर. पण सुरू कसा करायचा ते नीट कळेना, म्हणून इथे आणला."

तो उठून उभा राहिला. डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"कळलं नाही? तुम्हाला?"

"नाही कळलं," ती ठासून म्हणाली.

काकूंनी कुठल्याशा कपाटातून तीन भोकांचा, लांब वायरचा एक जोडबोर्ड काढून दिला. इतके दिवस तो कुठे होता हे कुणी विचारलं नाही. दोन्ही डबे शेजारी शेजारी लुकलुकायला लागले. डुलकी हिरवी, नवा डबा अजून पिवळा.

"हे काय करतायत आता?"

"नवा नोड आला की त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. पहिल्या नोंदीपासून, एकही न गाळता. शेजारचा सांगतो, नवा ऐकतो, प्रत्येक ओळ पडताळून पाहतो, मग पुढची." तो थांबला. "आमचं सावकाश असतं. बरेच दिवस लागतील."

"मला घाई नाही."

पाऊस परत भुरभुरायला लागला होता. काचेवर थेंब येऊन थबकत होते.

"तुम्ही आता... मोजत नाही ना आम्हाला?" त्याने विचारलं.

"नाही."

"म्हणजे काही सांगितलं, तर ते कुठल्या आकड्यात जाणार नाही?"

"नाही जाणार."

त्याने श्वास घेतला. वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही, पावसाकडे पाहिलं नाही. "मला तुम्ही आवडता."

"किती?" तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

"मोजलेलं नाही," तो म्हणाला.

हे तिचेच शब्द होते, आणि ते त्याला कुणी सांगितलेले नव्हते. ती टेबलाला टेकून हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो आधी गोंधळला. मग तिचा हात टेबलावरच्या खडूच्या रेघांवर होता, त्याच्या शेजारी त्याने आपला ठेवला... आणि हळूच, अगदी वारुळाच्या गतीने, तो हात सरकत सरकत तिच्या बोटांपाशी पोचला. ती वाट पाहत राहिली. तिने हात हलवला नाही.

"मलाही," ती म्हणाली. "चहा फार बेचव होतो तुमच्याशिवाय."

मागे खाकरल्याचा आवाज आला. काकू इस्त्री हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी जोडबोर्डाकडे पाहिलं. एका भोकात डुलकी, एका भोकात नवा डबा, तिसरं भोक तुटकं.

"गिऱ्हाइकाचा कोट आहे," त्या म्हणाल्या. "एकाला झोपवू का जरा?"

"नको!" दोघं एकदम ओरडली.

काकूंनी इस्त्री खाली ठेवली. त्यांनी कोट झटकला, तळहाताने दाबून दाबून सारखा केला आणि हँगरला अडकवला.

"राहू दे चुरगळलेला," त्या म्हणाल्या, "सांगेन, आमच्याकडे आज एक मोठं काम चालू होतं."